साप नसलेल्या बेटावर

पोर्वेनिरच्या अग्निशामक हॉलमध्ये
लाल बंबाला लागून बसतो आम्ही सातजण,
पहाटे चारला.
बाहेर सामुद्रधुनीवरचा वारा छपराचे पत्रे मोजत असतो.
येर्का मारिनोविच, दवाखान्यातली नर्स,
डोक्याला पांढरं फडकं गुंडाळून सांगते:
कण्याच्या तळाशी एक सर्पिण
साडेतीन वेटोळी घालून निजली आहे,
शेपूट तोंडात धरून.

मी हात वर करतो.
येर्का, या बेटावर साप नाहीत.
त्रेसष्ट वर्षांत एकही पाहिला नाही मी.
म्हातारी मान्सिया हसते, तिचा श्वास चुकतो.
येर्का म्हणते, मग जे वेटोळं ठाऊक असेल
ते आण डोळ्यांपुढे, ओयार्सो.

कणे मला ठाऊक आहेत.
चाळीस हंगाम मेंढ्या भादरल्या,
मणक्यामणक्यावरून यंत्र फिरवत,
कातडीला न कळता.
त्यांच्या पाठी मोकळ्या करता करता
माझी वाकली ती वाकलीच.
डॉक्टरनं गोळ्या दिल्या, मुलीनं पट्टा,
येर्कानं हे. आणि बसायला मेंढीचं कातडं.
अखेर तीच मला वाहते आहे.

अग्निश्वास. पोटाचा भाता, नाकाची फुसफुस.
आगीची भूमी म्हणतात आमच्या मुलखाला
आणि इथं मे महिन्यातच डबकी गोठतात.
मग मूलबंध: खालून आवळ, वर ओढ, रोखून धर.
पहिले दहा दिवस फक्त गुडघे जागे झाले.
विसाव्या दिवशी उचकी लागली.

एकदा असाच श्वास रोखलेला असताना
पुल्गा दिसली.
माझी कुत्री. पुल्गा म्हणजे पिसू.
खोपटाच्या दाराशी निजायची,
नाक शेपटीखाली, अंगावर चार बोटं बर्फ,
मेली की काय वाटावं.
मी शीळ घालायचो, मोठ्यानं नाही,
ओठ नीट ओले करून, एकदाच.
आधी कान हलायचे. मग पाठीवरून एक लहर.
उठायची बर्फ झटकत,
आणि पुढचं तिचं तिला ठाऊक असायचं.

त्या मोठ्या बर्फाच्या हिवाळ्यात
कुंपणाकाठी कळप गाडला गेला.
सगळं पांढरं, सपाट. खणायचं कुठे?
पुल्गा पोटावर सरपटत जायची, थांबायची.
तिथं बर्फाला बोटाएवढं भोक,
कडेला पिवळसर,
आतल्या उबेनं पडलेलं.
खाली कुणीतरी नऊ दिवस
नुसता श्वास घेत होतं.
एकशे चार काढल्या.
बाकीच्या वसंतात सापडल्या.

आज एकोणचाळिसावा दिवस.
येर्का गाँग वाजवते, बंबाची काच थरथरते.
प्रकाश वगैरे काही नाही.
कमळ तर नाहीच, तेही मी पाहिलेलं नाही.
पण टाळूवर, तान्ह्या बाळाचं डोकं जिथं मऊ असतं,
तिथं गार वाटतं आहे, बोटाएवढं.
आणि कण्यातून काहीतरी हुंगत वर येतं आहे,
मणक्यामणक्यापाशी थांबत.
शीळ तर मी घातलेलीच नाही.

कोण राहिलं होतं गं आत, पुल्गा?
इतकी वर्षं?

ओयार्सो, रडतोस का, येर्का विचारते, पाणी देऊ?
मी मान हलवत नाही.
ती खणते आहे.