एकसष्टावं घर

पहाटे साडेतीनला कोल्हापूरहून गाडी येते.
सांगली स्टँडमागं, बंद रसवंतीच्या फरशीवर
आम्ही सातजण गठ्ठे फोडतो.
सुतळी कापायला माझ्याकडं आज्याची सुरी आहे.
शिकलगाराच्या घरात काही नसलं तरी धार असते.

त्या शनिवारी पहिल्या पानावर आमचंच गाव.
शंभर खाटांचं बाळंतपणाचं हॉस्पिटल
इथं होणार नाही, दुसऱ्या जिल्ह्यात जाणार.
मंत्र्यांनी पत्रकारांना बोलावून सांगितलं,
शुक्रवारी, सव्वापाचला.
सभागृह उठलं होतं पाचला.

माझी लाइन ठरलेली.
तीन नंबरला सिव्हिलचा बाळंतीण वॉर्ड,
रात्रपाळीला सुगलाबाई आरगे सिस्टर.
म्हटलं, आज नका वाचू.
त्यांनी वाचलं.
एका खाटेवर दोघीजणी झोपल्या होत्या, पायाकडं डोकं करून.
सिस्टरनी अंकाची घडी घातली, ड्रॉवर हळूच लावला,
बातमीच्या आवाजानं कुणी उठेल अशी.

मग हळदीचे अडते, गणपती पेठेतला फुलवाला,
दोन दवाखाने, एक जिम, रिटायर मास्तरांची गल्ली.
आमदारांचा बंगला विश्रामबागेत, एकसष्ट नंबरला.
तोवर साठ घरांना कळलेलं.

सहा वाजून दहा.
पायगोंडा मगदूम अंगणात, बनियनवर, फोन कानाला.
रात्रीच्या रेल्वेनं आलेले, बॅग अजून पायरीवरच.
"हो, हो. कल्पना होती मला.
पाठपुरावा चालूच आहे आपला."
आणि नजर माझ्या हातातल्या अंकावर,
जो अजून उलगडायचा होता.

फोन ठेवला. अंक घेतला.
चष्मा आत राहिला होता,
म्हणून हात लांब करून वाचला,
कागद जितका लांब जाईल तितका.
मी निघायला पाहिजे होतं. सायकलची चेन पडली होती.

"काल पाचपर्यंत मी तिथंच होतो, शिकलगार.
लॉबीत मंत्री भेटले. खांद्यावर हात ठेवला.
म्हणाले, पुढच्या वेळी भडंग आणा सांगलीचं."

मी म्हटलं, साहेब, ते हक्कभंग का काय असतं ना?
ते हसले नाहीत.
"सरकार आपलंच आहे," म्हणाले,
चारचौघांत दारू पिऊन आलेल्या भावाला
आपलाच आहे म्हणतात, तसं.

सातला फाटकावर माणसं जमली.
नव्हतं माहीत म्हटलं, तर लोक विचारणार,
मग तुम्ही कशाला तिथं?
होतं म्हटलं, तर विचारणार,
मग थांबवलं का नाही?
त्यांनी दुसरा प्रश्न अंगावर घेतला.
मी चेन चढवत होतो. माझे हात काळे झालेले.
माझ्याकडं त्यांनी एकदाच बघितलं.
मी खाली बघितलं.

महिनाअखेरीला बिल देताना म्हणाले,
"उद्यापासून मला आधी टाकत जा."
विधानसभेत तीन वेळा गेलेला माणूस,
आणि मागणं एवढं,
तेही पेपरवाल्याकडं.
सुटे पैसे त्यांनी परत घेतले नाहीत.

आता स्टँडवरून सरळ विश्रामबाग.
सव्वाचारला कुत्रं भुंकतं, दिवा लागतो,
फाटकाच्या फटीतून हात बाहेर येतो.
एकदा त्याच हातानं एक लिफाफा दाखवला.
त्यांनी हिवाळ्यात विचारलेल्या प्रश्नाचं लेखी उत्तर:
सांगलीतील प्रसूती रुग्णालयाची बाब
शासनाच्या विचाराधीन आहे.
खाली सही, शिक्का, जावक क्रमांक.
"जपून ठेवू का फाडू?" मला विचारलं.
मला काय कळतंय त्यातलं.

वॉर्डात पोचायला आता सहा होतात.
खाटा तेवढ्याच. परवा एकीचं अंथरूण फरशीवर होतं.
आरगे सिस्टर पर्स घेऊन निघायच्या बेतात असतात.
"हल्ली उशीर होतो रे तुला."
म्हटलं, लाइन बदलली.
कुणापायी, ते नाही सांगितलं.
त्यांनी अंक न उघडताच पिशवीत टाकला
आणि जिना उतरता उतरता विचारलं,
"काय आलंय आज?
आमचं काही आहे का त्यात?"