दोन बोटं जागा

मुसाभाईच्या भंगारात सायकली उभ्या नसतात,
गोठ्यात जनावरं बसावीत तशा
शिंगात शिंग अडकवून पडलेल्या असतात.
एक ओढली की तीन येतात.

मले फक्त फ्रेम पाह्यजे, मी म्हणाले.
चाकं आहेत. सीट आहे, भावाची जुनी.
अकराशे रुपये, भिशीचे, त्यातच वेल्डिंगही आलं.
— कुठी जाता, निंभोरकर मॅडम?
— धारणी. घटांग, सेमाडोह, हरिसाल करत. डिसेंबरात.
त्यानं माझ्या तोंडाकडे नाही, चपलांकडे पाहिलं,
मग पोराला म्हणाला, लेडीज काढ रे एखादी.

पोरानं काढली ती अल्युमिनियमची,
अमरावतीच्या कुठल्याशा इंजिनिअरिंगवाल्याची,
दोन बोटांवर तोलता येईल अशी. बावीसशे.
— हलकी आहे, घाटात वाऱ्यावानी जाते.
— अन् हरिसालात मोडली तं जोडते कोण?
तो थांबला. तिथं लोखंड जोडणारे पुष्कळ.
हिला हात लावणारा एकच, तोही अमरावतीत.
खरं सांगून टाकतो मुसाभाई, म्हणून मी इथंच येते.

मग निळी निघाली.
हा निळा मला झोपेतही ओळखता येईल.
शाळेत एकशे बारा आल्या होत्या ट्रकनं,
पॅडलं उलटी बसवलेल्या, हँडलला पुठ्ठे.
मुलींच्या सह्या मी घेतल्या,
पांढऱ्या रंगानं नंबर मी घातले.
हिच्यावर सत्त्याऐंशी. आठाची शेपटी लांबलेली,
ती खोड माझीच.
सत्त्याऐंशी कोण होती, आठवेना.

किल्ली घेऊन नळीवर ठोकत गेले,
टिण्, टिण्, टिण्,
पॅडलच्या डब्याखाली मात्र — टप्.
रंगाखाली केसाएवढी चीर.
डबलसीट बसत असेल कोणी. मागे धाकटा भाऊ,
त्याच्या मागे दळण.
— वेल्डिंग मारून देतो न, दोनशेत.
नको म्हणाले.
पण फेकू दिली नाही त्याला,
भिंतीशी नीट टेकवून ठेवली.

तिसरी कोणी दाखवलीच नाही.
चहावाला पोरगा तिच्यावर बसून होता.
काळी, दूधवाल्याची,
मागच्या दोन्ही नळ्या कॅन घासून घासून पांढऱ्या पडलेल्या.
म्हणजे ओझं हिला नवं नाही.
मागचं चाक लांब बसतं,
पिशव्या लावल्या तरी टाच लागणार नाही.
सांध्यांतून पितळ डोकावत होतं.
सुतळी लावून मापलं, डोक्यापासून मागच्या खाचेपर्यंत,
डावीकडून, मग उजवीकडून.
एका सुताचा फरक.
— एका सुतानं कोणी मरत नाही मॅडम.

मडगार्डखाली दोन बोटं जागा हवी.
माझी बारीक, म्हणून मुसाभाईची घातली. गेली.
त्याला कळेना कशाला.
थंडीत पहाटे पाटाचं पाणी रस्त्यावर येतं,
दवात भिजलेली काळी माती
चाकावर भाकरीसारखी थापली जाते,
मग सायकल आपल्याला नाही नेत,
आपण सायकलीला नेतो.

— पण हिले दांडा आहे.
— असू दे.
टांग टाकून पाहिली तिथंच, भाचीच्या ट्रॅकपँटवर.
दांडा दोन इंच उंच, ठणकन लागला.
सीट पार खाली घ्यावी लागेल,
हँडल जवळ ओढावं लागेल,
अन् उतरताना दरवेळी आठवण ठेवावी लागेल.
आठशे म्हणाला. सातशे ऐंशीला दिली.

खांद्यावर टाकून निघाले. जड, चांगलीच जड.
पुलाजवळ संत्र्यांची गाडी भरणाऱ्या बाया हसल्या,
चाकं इसरले का वो बाई?
मी पण हसले, खांदा बदलला.

काळा रंग खरवडून परत काळाच देणार.
पांढऱ्याचा डबा ऑफिसच्या कपाटात आहे अजून,
वर साय धरली असेल,
खाली ओला असतो तो.
एकशे बारा आल्या होत्या.