सवय

रात्री कूलरच्या घरघरीत
मशीन आपलं आपणच अपडेट झालं.
महालातल्या या दुकानात एकवीस वर्षं
माझा हात न बघता डाव्या कोपऱ्यात जायचा;
आता तिथं काहीच नाही.
सगळं मधोमध, गुळगुळीत,
पाहुण्यांसाठी मांडल्यासारखं.

मेश्रामांच्या पोरीची पत्रिका उघडली.
जुना फॉन्ट गेलेला,
वधूच्या नावाजागी इंग्रजी अक्षरं, टिंबं, कंस.
तारीख तेवढी वाचता येते.

'काऊन जी, बंद पडलं का?'
चालू आहे. मीच थांबलोय.

पोरगा म्हणतो, आठवड्यात सवय होईल.
होईलच.
खिळे जुळवणं सोडून इथं बसलो
तेव्हाही झाली होती.

फॉन्टची सीडी शोधताना
खणात एक 'ळ' सापडला, शिशाचा.
कोणत्या हातानं उचलायचो,
आठवेना.