खाट अकरा

पहिल्या दिवशी प्लेट कोरी.
दुसऱ्याही.
'वाढ नाही' लिहिलं
आणि सही करताना थांबलो.

सुभाषनगरचे यल्लाप्पा व्हटकर, खाट अकरा.
बरगड्यांतून नळी, नळीच्या तोंडाशी
जखम जांभळी, कडा आत वळलेल्या.
स्वॅब घेताना म्हणाले,
"चपलेचा टाका चुकला की कातडं असंच रुसतंय.
माझा टाका कधी सुटला न्हाई."

साधा पू दोन दिवसांत नाव सांगतो.
हा गप्प. रोजची औषधं
अंगावरून गेली, भिजलासुद्धा नाही.

प्लेट टाकली नाही,
इनक्युबेटरमध्ये मागं सारली.
सहाव्या दिवशी राजगिऱ्याएवढे ठिपके,
कोरडे, फिकट.
काचेवर लाल रंग पाजला, आम्लानं धुतलं,
रंग सोडेनात.

हा मातीतला, तोटीतला, टाकीतल्या शेवाळातला.
माणसाशी त्याचं काही वैर नाही.
कुणीतरी दार उघडलं तर येतो.

सिस्टर म्हणाल्या, त्यांची बायको
रोज पहाटे पट्टी सोडून
नळाच्या पाण्यानं नळी पुसते.
तांब्या घरचा. घासून लखलखीत.

रिपोर्टात जंतूच्या नावाला जागा आहे,
औषधांना तर अख्खी यादी.
पाण्याला रकाना नाही.
मी दोनदा पाहिलं.

जिन्यात सुंदराबाई वही घेऊन बसलेल्या.
"काल साठ, आज चाळीस. उतरतंय न्हवं?"
उतरतंय, म्हटलं.
फक्त उद्यापासून पट्टी सिस्टर बघतील.

त्यांनी वही मिटली
आणि कोरडेच हात
पदराला पुसत राहिल्या.