जिभेखाली

मायते, तोंड उघड. अजून थोडं.
एका हातात तुझी हनुवटी,
दुसऱ्या हाताने जीभ उचलायची,
म्हणून टॉर्च माझ्या दातांत.
जीभ निसटते. पुन्हा धरतो.

आहे.
कालच्याएवढाच आहे, किंवा नाही.
निळसर, आत पाणी भरल्यासारखा,
वाटाण्याएवढा.
मंगळवारी मसुराएवढा होता.
कडधान्यांनी मुलीचं तोंड मोजतोय मी.

अठरा वर्षं या खाडीत
शिनाण्यांचे दोर ओढले,
हजारो मिटलेली तोंडं सुरीने उघडली,
कुणालाही न विचारता.
कधी आत खडा लागायचा, राखाडी, कवडीमोलाचा,
कुठल्याशा कणाभोवती शिंपल्याने
अंधारात गुंडाळत नेलेलं काहीतरी.
थुंकून टाकायचो.

दोन्या एर्मिंदा म्हणते, मीठ लाव,
माझ्या भाच्याला अस्संच झालेलं, आपोआप गेलं.
गाठ गेली की भाचा,
हे तिने नीट सांगितलं नाही.

तुझी आई केयोनला, सॅमनच्या कारखान्यात, रात्रपाळीला.
तिला फोटो पाठवला, हललेला.
तिने लिहिलं, हे काय आहे?
मी लिहिलं, तेच तर.
मग बराच वेळ कुणीच काही लिहिलं नाही.

दवाखान्याची लाँच गुरुवारी येते,
एक गुरुवार सोडून एक.
मागच्या खेपेला वारा होता.
धक्क्यावरून ओस्वाल्दोने नुसते हात हलवले
आणि आम्ही चिखलातून परत आलो,
तू माझ्या खांद्यावर, गाणं म्हणत.
नीट ऐकलं मी ते गाणं,
एखादं अक्षर बोबडं होतंय का म्हणून.

उद्या गुरुवार.
पत्रा अजून वाजत नाहीये.

तू जीभ सोडवून घेतेस, म्हणतेस,
बाबा, शाळेत सांगितलं,
आपल्या रानात एक बेडूक असतो,
एवढुस्सा, झाडाच्या पानासारखा.
त्याचा बाबा पिल्लांना तोंडात ठेवतो
मोठी होईपर्यंत.
मग माझ्यापण तोंडात कुणीतरी राहत असेल.
आणि तो बाबा, सांग ना,
तेवढे दिवस बोलत कसा असेल?

टॉर्च अजून दातांत आहे.
मी तो काढत नाही.
भिंतीवर उजेड थोडा हलतोय,
तो हलू नये म्हणून
श्वास धरून बसलोय.