बॅटरी

पारोळ्याकडे विहिरीत उतरण्याआधी
कंदील सोडायची रीत होती.
दोराला बांधलेला, डुलत डुलत जायचा,
चाळीस हात, पन्नास हात,
आणि काठावरचे सगळे ओणवे होऊन
ज्योतीकडे बघत राहायचे.
विझली, तर कुणी उतरायचं नाही.

सुपडूमामा गाळ काढायला गेला
त्या दिवशी रॉकेल संपलेलं.
"कंदील कशाले? मनाजोडे बॅटरी शे ना."

बॅटरी तळाशीसुद्धा लख्ख होती.
मामाला वर ओढला तेव्हाही चालूच,
सदऱ्याच्या खिशात, आभाळाकडे तोंड करून.
बंद कुणी केली आठवत नाही.
सेल मी दगडानं फोडले.
आतली काळी पूड
नखांतून आठ दिवस गेली नाही.

आता जळगावात, टेकडीवरच्या प्रयोगशाळेत
उंदराच्या मांडीतल्या गाठीवर
मी तांबडा उजेड धरते.
औषध उजेड पितं,
शेजारच्या प्राणवायूला चेतवतं,
चेतलेला वायू पेशी जाळतो.
गाठीच्या काठाला हे इतकं सोपं.
मधोमध नाही.
गाठ वाढते घाईघाईनं,
रक्ताच्या वाटा मागे राहतात,
तिच्या पोटात उजेड पडतो
आणि नुसता पडून राहतो.

आलेख बघून भिरूड सर म्हणाले, "हायपॉक्सिया."
मी म्हणाले, विहीर.
त्यांना वाटलं, नमुन्याचं नाव.

मग हे कण.
केसाच्या जाडीचा हजारावा भाग,
मँगनीज डायऑक्साइड,
म्हणजे तीच पूड, तीच,
नखांतली.
गाठीत साचलेलं पेरॉक्साइड हे कण फोडतात,
तिच्याच आंबट चिखलात
थोडी हवा सोडतात
आणि स्वतः विरघळून जातात.

अकरा उंदीर. सातांचा गाभा जळाला.
चौघांचा नाही; का, ते अजून कळत नाही.
माणूस फार लांब आहे.

नवी मुलगी, यावलची रुखसाना तडवी,
दिव्याच्या बटणावर बोट ठेवून विचारते,
मॅडम, इंजेक्शननंतर चार तास कशाला थांबायचं?
मी वही उघडते,
प्राणवायूचे आकडे दाखवते,
दर अर्ध्या तासाला कसे चढत गेले ते.
ती मान डोलावते, बोट काढते.

मामाचं मी सांगत नाही.
खिडकीबाहेर गिरणेचं कोरडं पात्र,
आत आम्ही दोघी,
अंधार करून,
आकडा वर यायची वाट बघत.