मागचा उजेड

सहकारी संस्थेचं ऑफिस शिंपल्यांच्या गोदामावर.
जिना चढतानाच रेमिहियो सांगू लागला:
काल रात्री, चालता चालता, डोळ्यांदेखत गेला.
आणि पाण्याच्या नमुन्यांचा अहवाल त्यातच,
पाचच्या आत पाठवायचा.
त्यानं टोपी काढून छातीशी धरली होती.
मी म्हटलं, टोपी घाला,
अजून काही ठरलेलं नाही.

पहिल्यांदा मी तेच विचारते
जे विचारताना माझी मलाच लाज वाटते.
प्लग? आहे.
खटका? आहे.
ब्राइटनेस कुणी शून्यावर नेला?
तो दुखावला. अडतीस वर्षं
होड्यांची इंजिनं खोलणारा माणूस.
पण याच चोंची गावात मी
तीन टेबलं सरकवून तीन सैल प्लग खोचले आहेत,
आणि तिन्ही वेळा पैसे घेतले नाहीत,
फक्त बटाटे.

टेबलाखाली डबा गुरगुरत होता.
"बंद नाही केला," तो कुजबुजला, "भीती वाटली."
माउस हलवला.
पिवळा दिवा हिरवा झाला.

पिवळाच राहिला असता तर गोष्ट वेगळी होती.
म्हणजे याला कुणी हाकच मारत नाही.
मग केबल, मग कार्ड,
मग रॅम उपसून शाळकरी खोडरबरानं
तिची सोनेरी बोटं घासत बसायचं.
हिरवा म्हणजे हाक पोचली आहे.
पोचली आहे, आणि हा ओ देत नाही.

तरी मी केबल बदलली.
गिऱ्हाइकाला हात हललेले दिसावे लागतात,
आणि मलाही.

बटण दाबलं.
एक क्षण निळसर, उलट्या झालेल्या माशाच्या पोटासारखा,
आणि पुन्हा काळा.
तेव्हा मी म्हटलं, पडदे ओढा.

टॉर्च तिरका धरावा लागतो,
काचेला जवळजवळ गाल लावून.
आधी माझंच नाक दिसलं.
मग धूळ, मग कुणाच्या तरी अंगठ्याचा लोण्याचा ठसा.
मग त्याही पलीकडे, गढूळ पाण्यात नांगर दिसावा तसा
एक बदाम.
नऊ बदाम.
बदामाची नव्वी.

"हा अहवाल?" मी विचारलं.
रेमिहियो खिडकीकडे बघत होता,
जिच्यावर त्यानंच पडदा ओढला होता.
"अहवाल मागे आहे," तो म्हणाला.
"पत्त्यांच्या मागे."

घड्याळात सव्वातीन.
मी पेचकस उचलला, तेवढ्यात तो:
"यास्ना, डावीकडे बघ जरा.
इस्पिकची दश्शी उघडी आहे का?"

होती.

मग मी टॉर्च धरला, त्यानं माउस.
डावीकडे. अजून. गेलीस पुढे. थांब.
किलवरचा गुलाम सापडायला चार मिनिटं लागली,
तो पहिल्यापासून राणीखाली गुपचूप बसलेला.
उजेडाच्या बशीएवढ्या वर्तुळात
एका वेळी दीड पत्ता,
बाकीचा डाव आम्ही दोघांनी तोंडपाठ केला,
आणि एकदा त्यानं माझ्या मनगटाला चापट मारली,
सत्ती कुठाय ते मी विसरले म्हणून.

शेवटचा राजा चढला तेव्हा
पत्ते उड्या मारू लागले.
आम्हाला माहीत होतं की ते मारतायत:
टॉर्चसमोरून मधूनच काहीतरी फिकट टप्पा घेऊन जायचं
आणि अंधारात पडायचं.
रेमिहियो हसला नाही. टोपी मात्र घातली.

मागचं झाकण काढलं.
दोन कपॅसिटर, टाळू फुगलेली,
दोघांची मिळून किंमत एका पावाइतकी.
डाग देताना राळेचा धूर झाला,
खालचा शिंपल्यांचा वास पाच मिनिटं हरला.

अहवाल साडेचारला गेला.
बिलावर लिहिलं: कपॅसिटर, दोन नग.
पत्त्यांचं लिहिलं नाही.

खाली ओतिलिया तराजू धूत होती.
काय झालं होतं, तिनं विचारलं.
उजेड गेला होता, मी म्हटलं,
चित्र होतं.
"मग ओरडत कशाला होता," ती म्हणाली,
आणि मला पिशवी धरायला सांगून
त्यात बटाटे मोजू लागली,
जांभळे, मातीसकट.